उपक्रम : नाटक, इतर

प्रिय टिल्लू,

पाकिटाची जाडी बघून तू आधी शेवटचं पान उघडशील. तुझी खोड मला माहीत आहे, गोष्टीचं पुस्तकही तू मागूनच वाचायचीस. या वेळी तसं करू नकोस. क्रमानं वाच, आणि पुरतं वाचून होईपर्यंत काकूंना फोन लावू नकोस, एवढं माझं ऐक. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मला मध्येच तोडलं असतंस, मग मी चिडले असते, आणि शेवटी आपण नेहमीसारख्या मुलांच्या परीक्षा नि माझी पाठदुखी यावर येऊन थांबलो असतो. इतक्या वर्षांत आपलं एवढंच तर बोलणं उरलंय. हे पत्र काकूंविषयी, तुझ्या आईविषयी आहे, आणि तुझ्या दादाविषयी. दादाचं नाव वाचून तू दचकली असशील. तुमच्या घरात ते नाव कुणी घेतल्याला तीस वर्षं होऊन गेली.

मी आपल्याच शाळेत नोकरी करते हे तुला माहीत आहे. नेमकं काय करते हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही, कारण ऐकून लोक हसतात. जुन्या प्रयोगशाळेच्या मागची ती अंधारी खोली आठवते? जिथं बरणीतले बेडूक ठेवायचे? तिथं आता माजी विद्यार्थी कक्ष आहे. बेडूक गेले, वास राहिला. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाचं एक पान आहे. नाव, शाळा सोडल्याचं वर्ष, पत्ता, फोन, सध्या काय करतो, आणि सगळ्यात खाली एक रकाना : शालेय उपक्रम. तो रकाना भरणं हे माझं काम. जुने वार्षिक अंक, खेळांचे निकाल, भिंतीवरचे फोटो, फोटोंखाली टाईप केलेली नावं, हे सगळं चाळायचं आणि कोण फुटबॉलमध्ये होतं, कोण गाण्यात, कोण वादविवादात, ते ज्याच्या त्याच्या पानावर चढवायचं. कशासाठी, तर मदत मागताना सोपं जावं म्हणून. फुटबॉलवाल्याला मैदानाचं पत्र जातं, गाणाऱ्याला संगीताच्या खोलीचं. ज्याला जिथं गुदगुल्या होतात तिथंच बोट लावायचं, असा हा धंदा. ज्याच्या रकान्यात काहीच नसतं त्याला नुसतंच ‘शाळेला मदत करा’ असं कोरडं पत्र जातं, आणि त्याला कुणी उत्तर देत नाही.

कामात गंमतही असते, नाही असं नाही. एका वर्षाच्या हॉकी संघाला माझ्याकडे तीन कर्णधार आहेत आणि तिघंही हटून बसलेत. एका बाईंना विचारलं, शाळेत कशात भाग घ्यायचात, तर म्हणाल्या, मी फक्त घंटा कधी होते याची वाट बघायचे, तेवढंच लिहून घ्या. मी शेऱ्यात लिहून घेतलं. तुझ्या पानावर ‘धावणे, शंभर मीटर, सहभाग’ असं आहे. तू शेवटून पहिली आली होतीस आणि वर रडत घरी गेली होतीस, हे कॉम्प्युटरला कळत नाही. माझ्या पानावर काहीच नाही. मला कोरडं पत्र येतं, माझ्याच हातचं.

तीन वर्षांपूर्वी मी आपल्या वेळचे वार्षिक अंक घेऊन बसले होते. नाटकाचं पान आलं. राणीचं काम करणारी ती उंच मुलगी, तिचा तो भयानक मुकुट, सगळे एका रांगेत उभे. खाली नावं. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, प्रकाशयोजना असं लिहून पुढं दादाचं नाव. फोटोत तो नाही. डाव्या कडेला शिडीवर एक कोपर दिसतं, ते त्याचं. मला सगळं एकदम आठवलं. पत्र्याच्या डब्यांना भोकं पाडून त्यानं दिवे केले होते, त्यावर रंगीत कागद. आपण दोघी शिडी धरून उभ्या, आणि तो वरून ओरडत होता की ढब्बूला धरू दे, टिल्लू वाऱ्यानं उडून जाईल. राणी मरते तेव्हा उजेड हळूहळू जायला हवा म्हणून तो तापलेल्या डब्याचं झाकण बोटांनी हळूहळू सरकवत राहिला. बोटं भाजली, पण उजेड कसा गेला, आठव. पुढच्या बाकांवरच्या बायका रडल्या होत्या. काकू तर घरी येईपर्यंत रडत होत्या आणि राणीला शिव्या घालत होत्या, की बया मेली एवढ्या झोकात, माझ्या पोराची बोटं गेली त्याचं कुणाला काही नाही.

त्याच थंडीत तो गेला. साधा ताप म्हणता म्हणता चार दिवसांत. तुला ते सगळं मी सांगायला नको. पण नंतरचं सांगते, कारण मी रोज तुमच्याकडे यायचे आणि बाहेरच्या माणसाला काही गोष्टी जास्त दिसतात. काकांनी कधी कुणाला बजावलं नाही की त्याचं नाव काढू नका. त्याचं नाव निघालं की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे, एवढंच. जेवता जेवता उठायचे. मग काकूंनी नाव काढणं सोडलं, मग तू सोडलंस, मग मीही. त्याची खोली सामानाची झाली. काकांनी ते रागानं केलं नाही, त्यांना सहन होत नव्हतं. पण त्यांना सहन होत नव्हतं म्हणून काकूंच्या तोंडाला कुलूप बसलं, ते काका गेल्यावरही निघालं नाही. तोवर तू दूर गेली होतीस. काकूंनी त्याच्याविषयी कुणाशी बोलायचं?

तर तो वार्षिक अंक. मला वाटलं, तीन कर्णधारांना पान आहे, घंटेची वाट बघणाऱ्या बाईंना आहे, तर याला का नको? मी त्याच्या नावानं पान उघडलं. उपक्रमाच्या यादीत प्रकाशयोजना नव्हतीच. ‘नाटक, अभिनय’ आणि ‘नाटक, इतर’ एवढे दोनच पर्याय. मी इतर निवडलं. मग कॉम्प्युटर अडून बसला, शाळा सोडल्याचं वर्ष भरल्याशिवाय तो पान जपून ठेवत नाही. दादानं शाळा सोडलीच कुठं होती? मी त्याच्या वर्गातल्या इतरांचं वर्ष घातलं. बाजूला ‘हयात’ असा चौकोन असतो, त्यात खूण आधीच केलेली असते. ती काढायला माझं बोट काही गेलं नाही. मला वाटलं, राहू दे, माझ्यापलीकडे हे कोण बघतंय.

कॉम्प्युटर बघतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ज्याच्या पानावर हयात अशी खूण असते आणि जुना का होईना फोन नंबर असतो, त्याचं नाव आपोआप त्या वर्षीच्या फोनच्या यादीत चढतं. नंबर प्रवेशाच्या रजिस्टरातून आलेला, तुमच्या घरचा, अजून तोच. आमच्याकडे फोन करायला एक नवी बाई आली होती, गोड बोलणारी. एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, आज एक आजी काय छान बोलल्या. मुलगा कुठल्याशा नाटकांना दिवे लावायचं काम करतो, स्वतःचा व्यवसाय आहे, सारखा फिरतीवर असतो, लग्न उशिरा झालं, एक मुलगी आहे. मी तिच्या हातातला कागद घेतला आणि नाव वाचलं. दादाचं.

मला आधी वाटलं, काकूंचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन लावला, माफी मागायची म्हणून. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. पण सवयीनं तोंडातून कचेरीतलंच वाक्य आलं, मी शाळेच्या माजी विद्यार्थी कक्षातून बोलतेय. तेवढं ऐकलं आणि काकू सुरूच झाल्या. हो हो, कालच तुमच्यातल्या कुणीतरी फोन केला होता, एक सांगायचं राहिलं, त्याच्या बायकोला चालत नाही तो वेळीअवेळी जेवतो ते, आणि तिचंही बरोबरच आहे. आवाज अगदी खणखणीत. मध्येच थांबून दूधवाल्याला म्हणाल्या, काल एक पिशवी कमी दिलीत, आज भरून द्या. डोकं फिरलेलं माणूस पिशव्यांचा हिशेब ठेवत नाही, टिल्लू. आपण काय बोलतोय हे त्यांना पुरतं कळत होतं. दादा आहे असं त्यांना वाटत नव्हतं. कुणीतरी त्याच्याविषयी विचारलं होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना उत्तर द्यायची सोय झाली होती. मी कोण ते सांगायला हवं होतं, पण ती वेळ पहिल्याच मिनिटात निघून गेली. मग मी विचारलं, आणि सध्या ते कुठल्या नाटकाचं काम करताहेत? एवढं विचारलं आणि मीही त्यात अडकले.

तेव्हापासून मी दर दीड-दोन महिन्यांनी फोन करते. कचेरीच्या आवाजात, अहो-जाहो करत. त्या सांगतात आणि मी ते त्याच्या पानावर लिहिते. तुला राग येईल, पण आधी हे ऐक की त्यांनी त्याला काही राजा केलेलं नाही. डोक्यावरचे केस गेलेत. कुणाचं ऐकत नाही. लोकांकडून आपले पैसे मागायची लाज वाटते त्याला, बापावर गेलाय. मुलगी अभ्यासात बेताची आहे, पण चित्रं छान काढते. आणि तुझ्याशी त्याचं रोज बोलणं होतं. हे काकू न चुकता सांगतात. बहीण लांब असते ना, मग फोनवरच भांडतात दोघं, लहान असल्यासारखे, आणि भांडण माझ्याकडे आणतात. हे मी लिहावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. मग वाटलं, तुला कळायला हवं की तुम्हा दोघांना त्यांनी सगळ्यात जास्त कशात पाहिलंय ते. पैशात नाही, मोठेपणात नाही. भांडणात.

दुसऱ्या वर्षी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या म्हणाल्या, त्याचा गुडघा फार धरलाय, आता वरच्या खोलीत झोपत नाही, खाली दिवाणावरच पडतो. पुढच्याच आठवड्यात मी त्यांना औषधांच्या दुकानाबाहेर पाहिलं, हातात काठी. मी मुद्दाम तुमच्या गल्लीवरून गेले. वरच्या खोलीची खिडकी बंद, आणि खालच्या दिवाणावर उशी-पांघरूण रचून ठेवलेलं बाहेरून दिसत होतं. मग म्हणाल्या, त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, एकटाच टॅक्सी करून गेला, कुणाला तसदी दिली नाही, असला हट्टी. त्याच महिन्यात बसथांब्यावर काळा चष्मा लावून उभ्या होत्या, मला ओळखलं नाही, की ओळखून दाखवलं नाही कोण जाणे. ते ऑपरेशन तुला माहीत होतं का? मला वाटत नाही. रविवारी तू फोन करतेस तेव्हा त्या तुला ‘मी ठणठणीत’ म्हणत असणार. मलाही रस्त्यात भेटल्या की तेच म्हणतात. स्वतःचं दुखणं स्वतःच्या नावानं सांगायचं ही त्यांच्या स्वभावातलीच गोष्ट नाही. पण मुलाचं दुखणं सांगायला आईला लाज नसते. तेव्हापासून मी त्याची खबर लिहून घ्यायचे आणि त्यांची समजायचे. एकदा म्हणाल्या, त्याला संध्याकाळी फार एकटं वाटतं हो, घरात माणसं असून. मी ते पानावर लिहिलं नाही. तेवढ्याला रकाना नाही.

असं किती दिवस चाललं असतं सांगता येत नाही. पण गेल्या महिन्यात आमच्या कक्षावर नवे साहेब आले. वाईट माणूस नाही. हसतमुख, झपाटलेला, टाय लावून बेडकांच्या खोलीत बसणारा पहिलाच. शाळेचं सभागृह पाडून नवं बांधायचंय, त्यासाठी मदत गोळा करायला त्यांना आणलंय. त्यांनी पहिला हुकूम काय सोडला, तर नाटकात होते त्या सगळ्यांची यादी काढा, अभिनय आणि इतर, दोन्ही. मी यादी काढली, आणि कामाच्या गडबडीत आपण काय करून बसलो हे माझ्या ध्यानात आलं तोवर साहेब उड्या मारत माझ्या टेबलाशी आले होते. अहो, हे बघा, शाळेत असताना प्रकाशयोजना, आज स्वतःचा दिव्यांचा व्यवसाय, अशी माणसं असताना आपण बाहेर कुठं शोधतोय? नव्या सभागृहाचे सगळे दिवे हेच देतील, उद्घाटनाला यांनाच बोलवू. आणि फोन फक्त आईचाच कसा? चला, आपण आईंनाच भेटू या. गुरुवारी पुष्पगुच्छ घेऊन जाऊ, तो जुना फोटो मोठा करून देऊ, आई खूश होतील.

टिल्लू, माझ्या डोळ्यांसमोर ते दृश्य आलं. काकू दार उघडताहेत, समोर टायवाले साहेब, हातात फुलं, मुलाचा पत्ता विचारताहेत. शेजारीपाजारी दारात. तीस वर्षं गप्प राहून ज्या बाईनं कुणाच्या डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही, तिची भर गल्लीत शोभा होणार, आणि ती माझ्या एका न काढलेल्या खुणेपायी. मी साहेबांना म्हटलं, आधी मी फोन करून वेळ ठरवते. ते गेल्यावर त्याचं पान उघडलं. हयातची खूण काढली. कॉम्प्युटरनं तारीख विचारली, ती मला पाठ आहे. मग विचारलं, माहिती कुणी दिली. मग एक चौकट आली, की कुटुंबाला मुख्याध्यापकांच्या सहीचं शोकपत्र आपोआप पाठवलं जाईल. आपल्या माजी विद्यार्थ्याच्या निधनाची वार्ता कळून आम्हाला तीव्र दुःख झालं, वगैरे, मीच कधीतरी टाईप केलेला मजकूर. ते पत्र तुमच्या दारात पडलं असतं. मी सगळं रद्द करून खूण परत जशीच्या तशी केली. काकूंशी बोलण्यावाचून मार्ग नव्हता. म्हटलं, आज नाव सांगायचं, सगळं सांगायचं, साहेब येण्याआधी त्यांना सावध करायचं.

काल दुपारी खोलीत कुणी नसताना फोन लावला. बराच वेळ वाजला. त्यांनी उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, बरं झालं फोन केलात, मी वाटच बघत होते. त्याला बरं नाही. मी म्हटलं, काय होतंय? म्हणाल्या, पोटात. बरेच महिने अन्न जात नव्हतं, कपडे सैल व्हायला लागले तसा गेला एकदाचा डॉक्टरकडे. त्यांनी पोटातला तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलंय. मी विचारलं, काय आलंय. त्या म्हणाल्या, जे यायचं तेच. डॉक्टर म्हणतात उपचार लगेच सुरू करू, पण बरोबर कुणीतरी माणूस हवं, एकट्याचं काम नाही ते. हा म्हणतो, नको, आता कशाला. मी काहीतरी बोलले, घरच्यांना विचारायला हवं असं. तर म्हणाल्या, बहिणीला सांगितलेलं नाही त्यानं. ती नोकरी टाकून, मुलांच्या परीक्षा टाकून धावत येईल. तिला मुळीच सांगायचं नाही, असं बजावलंय.

सभागृह, साहेब, फुलं, सगळं डोक्यातून उडून गेलं. कचेरीच्या आवाजात विचारायचं तरी काय? मला वाटलं त्या आता फोन ठेवणार. तेवढ्यात त्या म्हणाल्या, ढब्बू, तुझा आवाज बसलाय गं, गरम पाणी पीत जा. आणि ठेवला.

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून ते मला सांगता यायचं नाही, मला वाटतं पहिल्या दिवसापासून. ज्या बाईच्या हातचं जेवून मी वाढले, ती माझा आवाज ओळखणार नाही असं मला इतके दिवस वाटत होतं, याचंच आता नवल वाटतं. मी त्या बेडकांच्या खोलीत बसून पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि साहेबांकडे जाऊन खरं ते सांगितलं, की तो मुलगा शाळेत असतानाच गेला, पान माझ्या हातून झालं, त्याच्या आईकडे कुणी जायचं नाही. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. यादीतून त्यांनी स्वतः ते नाव खोडलं आणि हळूच विचारलं की पान पुसून टाकायचं का. मी म्हटलं, इतक्यात नको. का नको ते त्यांनी विचारलं नाही. तेव्हा गुरुवारचं ते संकट टळलंय, त्याची काळजी करू नकोस.

आता हे पत्र का, ते तुला कळलंच असेल. बहिणीला मुळीच सांगायचं नाही, हे काकूंनी सांगितलं कुणाला? नवख्या बाईला नाही, मला. मी कोण आहे आणि कुणाची मैत्रीण आहे ते पुरतं माहीत असताना. हे तुझ्यापर्यंत पोचू नये असं त्यांना मनापासून वाटत असतं, तर जगात ज्या एका माणसाला त्यांनी ते कधीच सांगितलं नसतं, ते माणूस म्हणजे मी. त्यांनी मला निरोप दिलाय, टिल्लू, त्यांना येतं तेवढ्या भाषेत, आणि तो मी तुला पोचवतेय. निघून ये. आधी फोन करू नकोस, त्या तुला परतवतील. डॉक्टरांकडे न्यायला मी आहे, पण त्यांना मी नको आहे. वेळ किती आहे हे मला माहीत नाही, फार आहे असं त्यांच्या आवाजावरून वाटलं नाही. आणि आलीस की त्यांची तब्येत विचारू नकोस. त्या ‘मी ठणठणीत’ म्हणतील आणि चहा ठेवायला उठतील. पाणी पी, त्यांच्याजवळ दिवाणावर बस, आणि एवढंच विचार, की आई, दादा कसा आहे? मग त्या सांगतील.

वाट बघणारी,
तुझीच
ढब्बू